वापरलेली इलेक्ट्रिक गिटार: ओळख पटवण्यापासून सौदा होईपर्यंत

इलेक्ट्रिक गिटार मुळातच सुट्या भागांची असते. लिओ फेंडर यांनी १९५० च्या सुमारास टेलिकास्टर या गिटारची घडण ठरवली ती याच हिशेबाने. नेक (मान) चार स्क्रूंवर, पिकगार्ड (बॉडीवरचं पातळ झाकण) स्क्रूंवर, वायरिंग मोजक्या डाखांवर. जे बिघडेल तेवढंच काढा, दुसरं बसवा. दुरुस्तीला सोयीची असलेली हीच गोष्ट जुनी गिटार घेणाऱ्याच्या मुळावर येते. तीस-चाळीस वर्षांत चार मालक झाले की नेक एकीचा, बॉडी दुसरीची, पिकअप (तारांचा कंप पकडणारे भाग) तिसरीचे, असं सहज होतं आणि हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या टोकावर, नाव मात्र एकच झळकत असतं.

म्हणून कुठल्याही एका खुणेवर विसंबायचं नाही. नंबर, तारखा, लाकूड, स्क्रू, डाख आणि झीज या सगळ्यांची साक्ष जुळायला हवी. एखादी खूण वेगळं बोलायला लागली की थांबायचं आणि विचारायचं. उत्तर पटलं तर ठीक, नाहीतर तो भाग बदललेला आहे असं धरूनच पुढचा हिशेब करायचा. गिटार वाजायला उत्तम असेल, तरीही.

भेटण्याआधी: फोटो मागवा

विक्रेत्याने टाकलेले फोटो बहुधा गिटारच्या चांगल्या बाजूचे असतात. आपल्याला हवे असतात ते कंटाळवाणे फोटो. निदान एवढे तरी मागा:

- हेडस्टॉक पुढून आणि मागून, सिरियल नंबर वाचता येईल इतका जवळून
- नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागचा नेकचा भाग, बाजूने तिरका उजेड पाडून
- पहिल्या पाच फ्रेट्सचा (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांचा) जवळून फोटो
- ब्रिज बाजूने, म्हणजे सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ते तुकडे) किती वर-खाली आहेत ते दिसेल
- मागचं झाकण काढून आतलं वायरिंग
- बोल्ट-ऑन, म्हणजे स्क्रूंनी बसवलेला नेक असेल आणि मालक तयार असेल, तर नेक काढून त्याची टाच आणि बॉडीतली खाच
- आजची तारीख लिहिलेला कागद गिटारवर ठेवून एक फोटो

शेवटचा फोटो कुणाला अपमानास्पद वाटू शकतो. पण दुसऱ्याच कुणाच्या गिटारचे फोटो दाखवून आगाऊ रक्कम उकळणारे इथेच गळतात. खरा मालक थोडा कुरकुरेल आणि फोटो पाठवेल.

वजनही विचारा. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर साधारण ३.२ ते ३.८ किलो भरते, गिब्सनची लेस पॉल ४ ते ४.५ किलोच्या आसपास. आकडा याच्या फार बाहेर गेला म्हणून गिटार खोटी ठरत नाही, पण प्रश्न विचारायला निमित्त मिळतं. शिवाय दोन तास उभं राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला अर्ध्या किलोचा फरक चांगलाच कळतो.

सिरियल नंबर वाचायचा कसा

फेंडरपासून सुरुवात करू. १९७६ पर्यंत नंबर बहुतेक वेळा नेकच्या मागच्या धातूच्या पट्टीवर असायचा. ही पट्टी चार स्क्रू काढले की हातात येते, म्हणजे ती कुठल्याही गिटारवर बसू शकते. त्यामुळे त्या काळातल्या गिटारवरचा नंबर म्हणजे फार तर त्या पट्टीचं वय. १९७६ पासून नंबर हेडस्टॉकवर आला आणि त्यात दशकाचं अक्षर आलं. अमेरिकन गिटारींवर एस म्हणजे सत्तरचं दशक, ई म्हणजे ऐंशीचं, एन म्हणजे नव्वदचं, झेड म्हणजे २००० नंतरचं. अक्षरानंतरचा पहिला आकडा त्या दशकातलं वर्ष दाखवतो. 'एस ७' म्हणजे १९७७, 'एन ४' म्हणजे १९९४. मेक्सिकोतल्या एन्सेनाडा कारखान्याच्या गिटारींना त्याआधी एम लागतो, म्हणजे 'एमएन', 'एमझेड'. एक वर्ष मागेपुढे होणं नेहमीचंच आहे. आधी छापून ठेवलेले डिकल (चिकटवायची नावपट्टी) संपेपर्यंत वापरले जायचे.

आता यातली खोच बघा. जपानमध्ये बनलेल्या फेंडर गिटारींवरही १९८४ ते १९८७ या काळात ई अक्षराचे नंबर आहेत. नुसता नंबर वाचून तुम्ही जपानी गिटारला अमेरिकन समजू शकता, आणि विक्रेताही अगदी प्रामाणिकपणे तसंच समजून बसलेला असू शकतो. अशा वेळी नेकवर 'मेड इन जपान' आहे का ते शोधायचं. त्याआधीच्या, १९८२ ते १९८४ मधल्या 'जेव्ही' नंबरच्या जपानी गिटारींना आज शौकिनांमध्ये वेगळाच मान आहे, त्यामुळे हेडस्टॉकवर स्क्वायर (फेंडरचंच स्वस्त गिटारींचं नाव) लिहिलंय म्हणून तोंड फिरवू नका.

गिब्सनची तऱ्हा निराळी. १९७७ ते २००५ च्या मध्यापर्यंत आठ आकडी नंबर खोडाला ठोकल्यासारखा लाकडात दाबलेला असतो. पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष, दुसरा ते चौथा मिळून वर्षातला कितवा दिवस, उरलेले तीन म्हणजे त्या दिवसाचा क्रमांक. ८२७६५५०१ असा नंबर असेल तर वर्ष १९८५, दिवस २७६ वा, म्हणजे ३ ऑक्टोबर. शेवटचे आकडे ५०० च्या पुढचे, म्हणजे नॅशव्हिलचा कारखाना. कालामाझूचा जुना कारखाना १९८४ मध्ये बंद झाला, त्यामुळे १९८५ ची गिटार दाखवून कुणी 'कालामाझूची शेवटची' असं सांगू लागला तर तिथेच गोष्ट फिसकटते. दिवसाच्या जागी ३६६ च्या वरचा आकडा आला तर गिटार परत पेटीत ठेवायला सांगा. अर्थात क्लासिक किंवा कस्टम शॉपच्या काही मॉडेलना वेगळी पद्धत आहे, ती आधी पाहून घ्या. साठच्या दशकातले गिब्सनचे नंबर तर पुन्हा पुन्हा वापरले गेले आहेत. एकच नंबर दोन-तीन वेगवेगळ्या वर्षांच्या गिटारींवर सापडतो. तिथे नंबर बाजूला ठेवून बाकीच्या खुणांकडेच वळावं लागतं.

आयबानेझच्या १९७५ ते १९८६ दरम्यानच्या जपानी गिटारींवर पहिलं अक्षर महिन्याचं असतं, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे. 'सी ७८' ने सुरू होणारा नंबर मार्च १९७८ चा. नंतर पद्धत बदलली.

बनावट गिटार करणाऱ्यांनाही हे सगळं पाठ असतं. खरा, अस्तित्वात असलेला नंबर उचलून ते शेकडो गिटारींवर छापतात. नंबर चुकीचा असेल तर गिटार संशयास्पद, हे खरं. नंबर बरोबर असला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

आत काय लिहिलंय

सोबत छोटा टॉर्च, फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, कॅपो (नेकवर तारा दाबून धरणारा चिमटा), ट्यूनर, केबल आणि मल्टिमीटर एवढं असू द्या. आणि मालकाला विचारल्याशिवाय एकाही स्क्रूला हात लावू नका.

सगळ्यात बोलकी जागा म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनचे पॉट, म्हणजे नॉबखालचे फिरते रोधक. त्यांच्या पाठीवर किंवा कडेला एक कोड छापलेला असतो. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३४ म्हणजे सेंट्रलॅब. पुढे वर्ष आणि आठवडा. १३७७६३३ याचा अर्थ सीटीएसने १९७६ च्या ३३ व्या आठवड्यात बनवलेला पॉट. पन्नाशीच्या दशकातल्या पॉटवर वर्षाचा एकच आकडा असतो.

या कोडवरून एवढंच ठरतं की मूळ पॉट असतील तर गिटार त्या तारखेच्या आधीची नाही. नंतरची कितीही असू शकते. सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने १९६५ मध्ये फेंडर विकत घेतल्यावर १९६६ साली पॉटचा इतका मोठा साठा केला, की १९६९ च्या गिटारींमध्येही १९६६ चे पॉट सापडतात. दोन पॉट जुन्या तारखेचे आणि तिसरा वीस वर्षांनी नवा निघाला तर घाबरायचं कारण नाही, तो कधीतरी खरखरला म्हणून बदलला असणार. पण विक्रेता 'एकही भाग बदललेला नाही' म्हणत असेल, तर त्याला तो पॉट दाखवा.

डाख बघा. कारखान्यातला जुना डाख मंद, राखाडी झालेला असतो. नवा चकचकीत दिसतो, आजूबाजूला फ्लक्सचे पिवळे डाग असतात, कधी शेजारच्या वायरचं आवरण वितळलेलं असतं. जुन्या फेंडरमध्ये कापडी आवरणाच्या वायरी असतात. मध्येच एक प्लॅस्टिकची रंगीत वायर दिसली तर ती कुठून कुठे जाते ते बोटाने माग काढत पाहा. बहुतेक वेळा ती बदललेल्या पिकअपपाशी पोचते.

नेक काढता आला तर त्याच्या टाचेवर अनेक फेंडरवर पेन्सिलीने लिहिलेली किंवा शिक्का मारलेली तारीख असते. ती नेकची तारीख. गिटार जोडली गेली ती त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. नेक मार्चचा, पॉट जानेवारीचे, बॉडी फेब्रुवारीची, हे अगदी निरोगी लक्षण. सगळ्यांवर एकच तारीख असेल तर मला उलट जास्त संशय येतो.

पिकगार्ड उचलला की खालचा रंग आणि उघड्यावरचा रंग यांची तुलना होते. खरोखर उन्हात, धुरात पिकलेल्या फिनिशमध्ये झाकलेला भाग गडद आणि ताजा राहतो. आत-बाहेर एकसारखा 'जुना' रंग दिसला तर तो कारागिराने आणलेला जुनेपणा आहे. स्क्रूंची छिद्रंही मोजून घ्या. हेडस्टॉकवरच्या ट्यूनरच्या (खुंट्यांच्या) मागे जुन्या ट्यूनरचा ठसा, ब्रिजजवळ बुजवलेली छिद्रं, पिकअपखाली छिन्नीने मोठी केलेली खाच. हे सगळं एकदा झालं की पुन्हा पूर्ववत होत नाही.

कोणत्या काळात काय असायचं

प्रत्येक मॉडेलचा एक जन्मकाळ असतो आणि त्याच्या विसंगत भाग लगेच डोळ्यात खुपतो. हे एकदा अंगवळणी पडलं की फोटो पाहूनच निम्मं काम होतं.

स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली. तिचा मोठा हेडस्टॉक १९६५ च्या अखेरीपासून १९८१ पर्यंत होता. १९७१ ते १९८१ मधल्या बहुतेक स्ट्रॅटना हेडस्टॉकवर गोळीच्या आकाराचा ट्रस रॉडचा (नेकचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळईचा) नट आणि मागे चारऐवजी तीन स्क्रू असतात. त्यामुळे 'एकोणसत्तरची' म्हणून समोर ठेवलेल्या स्ट्रॅटला तीन स्क्रू दिसले तर गप्पा तिथेच वळवा.

लेस पॉल १९५२ ची. सेथ लव्हर यांनी घडवलेला हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) १९५७ पासून गिब्सनच्या गिटारींवर बसू लागला. त्याच्या तळाशी 'पेटंट अप्लाइड फॉर' अशी छोटी काळी पट्टी असायची, म्हणून त्याला शौकीन पीएएफ म्हणतात. अशी पट्टी आज कुणालाही छापून मिळते. मूळ आकाराची (बॉडीला एकाच बाजूने खाच, म्हणजे सिंगल कटअवे) लेस पॉल १९६१ च्या सुमारास बंद झाली आणि १९६८ मध्ये परतली, तेव्हा 'चौसष्टची सिंगल कटअवे लेस पॉल स्टँडर्ड' असं कुणी म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि निघा. सत्तरच्या दशकापासून हेडस्टॉकच्या मागे 'मेड इन यूएसए' दाबलेलं दिसतं.

बनावट गिब्सन ओळखायला दोन जागा पुरतात. ट्रस रॉडच्या झाकणाला अस्सल गिटारवर दोन स्क्रू असतात, पुष्कळ नकलींवर तीन. झाकण काढलं की अस्सल गिब्सनमध्ये पितळी षटकोनी नट दिसतो. तिथे अ‍ॅलन कीचं भोक दिसलं तर शंकेला जागा नाही. त्याखेरीज नेकच्या मागे, हेडस्टॉकच्या खाली तिरपा सांधा दिसतो का पाहा. गिब्सनचा नेक आणि हेडस्टॉक एकाच लाकडाचा असतो, फक्त हेडस्टॉकच्या दोन कडांना लहान तुकडे जोडलेले असतात. नक्कल करणारे लाकूड वाचवायला तिरपा सांधा मारतात.

फेंडरच्या बाबतीत नकलेपेक्षा मिश्रणाचा धोका मोठा. स्क्वायरच्या किंवा बिननावाच्या नेकवर फेंडरचं डिकल चिकटवलेलं असतं. फेंडर स्ट्रॅटची बॉडी सुमारे ४४ ते ४५ मिलिमीटर जाड असते. स्वस्त मालिकांच्या बॉडी बऱ्याचदा त्याहून पातळ असतात. पट्टी लावली की कळतं. ट्रेमोलोचा (दांड्याने सूर हलवणाऱ्या ब्रिजचा) मागचा ठोकळा पाहा, तो जाड स्टीलचा आहे की हलका, पातळ ओतीव. सुट्या भागांतून जोडलेल्या गिटारला शौकीन पार्ट्सकास्टर म्हणतात, आणि ती वाजायला झकास असू शकते. तिला तशी म्हणून विकलं तर काहीच आक्षेप नाही.

तुटलेली मान

गिब्सन पद्धतीचा हेडस्टॉक मागे १७ अंशांत झुकलेला असतो. ऐन वळणावर ट्रस रॉडसाठी लाकूड कोरलेलं असतं आणि मॅहॉगनीचे तंतू तिथे आडवे कापले जातात. गिटार स्टँडवरून मागे पडली की नेमकी तिथेच मोडते. म्हणून या भागाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो.

टॉर्च नेकला जवळजवळ समांतर धरा आणि नटच्या मागचा भाग हळू फिरवत पाहा. केसासारखी वक्र रेघ, फिनिशच्या चमकेत फरक, किंवा फक्त तेवढ्याच भागात गडद रंगाची पट्टी मारलेली दिसली तर तिथे काहीतरी झालंय. बोटाचं नख हळूच फिरवा. अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट टॉर्च लावला तर जुनं नायट्रोसेल्युलोज (नायट्रो) लाखेचं फिनिश हिरवट-पिवळं चमकतं आणि नंतर मारलेला रंग काळपट डागासारखा उठून दिसतो. फिनिशचा प्रकार ओळखायला अ‍ॅसिटोनचा थेंब टाकून पाहा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दुसऱ्याच्या गिटारवर तर मुळीच नको.

नीट चिकटवलेली मान पुढे वर्षानुवर्षं टिकते. आवाजात फरक पडत नाही म्हटलं तरी चालेल. पण बाजारात किंमत साधारण निम्म्यावर येते, आणि पूर्ण रिफिनिश केलेल्या जुन्या गिटारचंही तसंच. संग्राहकाने अशा गिटारपासून दूर राहावं. ज्याला रोज वाजवायचं आहे त्याने मात्र अशीच गिटार शोधावी, कारण एरवी हाताबाहेरची वस्तू तिथे आवाक्यात येते. अट एकच: दुरुस्ती सांगितलेली हवी आणि किंमत त्या हिशेबाची हवी.

हातात घेतल्यावर

आधी अ‍ॅम्प न लावता वाजवा. एकेक तार, एकेक फ्रेट. कुठे खरखर होते, कुठे सूर मरतो, याची नोंद मनात ठेवा. सगळ्यात बारीक दोन तारांवर बाराव्या ते पंधराव्या फ्रेटवर पूर्ण सुराचा बेंड घ्या. सूर मध्येच गुदमरला तर फ्रेट असमान आहेत किंवा नेकचा शेवट वर उचललेला आहे.

नेकचा बाक असा पाहतात. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत किती फट राहते ते बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास असेल तर उत्तम. जास्त असेल तर ट्रस रॉडने कमी होते. मालकाला पाव फेरा फिरवून दाखवायला सांगा. ट्रस रॉडचा नट अजिबात हलत नसेल, किंवा पूर्ण आवळूनही बाक तसाच असेल, तर पुढे मोठा खर्च आहे. त्यानंतर हेडस्टॉकच्या बाजूने डोळा लावून दोन्ही कडा पाहा. एक कड सरळ आणि दुसरी वळलेली असेल तर नेकला पीळ आहे. पीळ काढणं अवघड असतं, आणि माझं मत विचाराल तर सोडून द्या.

अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, बाराव्या फ्रेटवर मोजतात. बारीक तारेखाली दीड मिलिमीटर, जाड तारेखाली दोन, एवढी आरामशीर मानली जाते. ती जास्त असली तरी सेटअपने खाली येते, जोवर सॅडलला खाली जायला जागा आहे. सॅडल तळाला टेकलेले आणि अ‍ॅक्शन तरीही उंच, हे नेकचा कोन बिघडल्याचं लक्षण. बोल्ट-ऑन नेकला एक पातळ पाचर घातली की काम होतं. चिकटवलेल्या नेकला ते सोपं नसतं.

फ्रेटवर तारांखाली खळगे पडलेले असतात. उथळ असतील तर घासून समतल करता येतात. मध्यम-जाड नवा फ्रेट साधारण १.१ ते १.२ मिलिमीटर उंच असतो. निम्म्यावर आलेले असतील तर फ्रेट बदलण्याचा खर्च आजच धरा. लाखेचं फिनिश असलेल्या मेपल फ्रेटबोर्डवर हे काम महाग पडतं.

इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि दाबलेला सूर ट्यूनरवर एकच यायला हवा. नसेल तर सॅडल पुढे-मागे करता येतो. गिटारवर गंजलेल्या तारा असतील तर या तपासणीला काही अर्थ नाही.

अ‍ॅम्प लावून

क्लीन आवाज ठेवा. डिस्टॉर्शन सगळे दोष झाकतं. स्विचच्या प्रत्येक जागी थांबा, प्रत्येक नॉब शून्यापासून शेवटपर्यंत फिरवा, जॅकमध्ये केबल हलवून पाहा. खरखरणारा पॉट, सैल जॅक या किरकोळ गोष्टी आहेत, घासाघीस करायला उपयोगी.

पिकअप जिवंत आहे का हे मल्टिमीटर सांगतो. केबल गिटारला लावा, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला टोक आणि दांडा यांच्यामध्ये रोध मोजा. स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलला साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम, जुन्या धाटणीच्या हंबकरला सात ते साडेआठ. व्हॉल्यूम पॉट समांतर असल्याने आकडा किंचित कमी येतो. त्या जागी दोन-अडीचशे किंवा पाचशे किलोओहम दिसले तर तुम्ही फक्त पॉट मोजताय, म्हणजे कॉइलची वायर कुठेतरी तुटली आहे. अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपना ही मोजणी लागू नाही. दोन पिकअप एकत्र केल्यावर आवाज पत्र्यासारखा पातळ झाला तर त्यांची फेज उलटी जोडली आहे. ते दोन वायरींच्या अदलाबदलीचं काम असतं, पण कुणीतरी आत हात घातला होता एवढं कळतं.

किंमत

जाहिरातीतली मागणी म्हणजे किंमत नव्हे. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या, त्याच मॉडेलच्या, त्याच काळाच्या, त्याच स्थितीच्या गिटारींचे आकडे शोधा. मग वजाबाकी सुरू करा: फ्रेट, पॉट, नसलेली केस, बदललेले ट्यूनर.

बदललेल्या महाग पिकअपचे पैसे विक्रेत्याला हवे असतात, आणि ते कुणी देत नाही. मूळ पिकअप जपून ठेवले असतील आणि सोबत मिळत असतील तर किंमत टिकते. म्हणून तुम्ही उद्या विकणार असाल तर आज काढलेला प्रत्येक स्क्रू एका पिशवीत ठेवा. मूळ केस, पावती, टॅग, ट्रेमोलोचा दांडा, अ‍ॅलन की यांनीही फरक पडतो.

'मिंट', 'कलेक्टर पीस', 'दुर्मीळ' हे शब्द वाचलेच नाहीत असं समजा. तुम्ही विकत असाल तर लिहूही नका. त्याऐवजी 'खालच्या कडेला नाण्याएवढा टवका, तिसऱ्या फ्रेटपर्यंत झीज, ब्रिज पिकअप बदललेला, मूळ सोबत' असं लिहा आणि टवक्याचा फोटो पहिला लावा. दोष स्वतः दाखवणाऱ्याशी घासाघीस कमी होते, हे कुठल्याही अनुभवी विक्रेत्याला विचारा.

अदलाबदल

शौकिनांमध्ये रोखीपेक्षा अदलाबदल जास्त रंगते आणि भांडणंही तिथेच होतात. कारण दोघेही आपली गिटार फुगवून सांगतात. दोघांनी सारखीच फुगवली तर बिघडत नाही, पण वर रोख फरक द्यायचा असेल तर घोळ होतो. उपाय सरळ आहे. दोन्ही गिटारींची रोखीत विकल्यास काय येईल ती किंमत वेगवेगळी, एकाच मापाने ठरवा. मग फरक काढा. माझी 'बाजारभावाने' आणि तुझी 'दुकानदार घेईल त्या भावाने' असं चालत नाही.

विकायला कठीण गिटार देऊन सहज खपणारी मागणाऱ्याने थोडं वर द्यायला हवं. विचित्र रंगाची, डावखुऱ्यांसाठीची, सात तारांची गिटार खपायला महिने लागतात, आणि ते महिने समोरचा काढणार असतो.

दोन्ही गिटारी एकाच भेटीत तपासल्या जाव्यात. कुरिअरने अदलाबदल करायची असेल तर 'आधी तू पाठव' हा वाद टाळता येत नाही. दोघेही ओळखीच्या त्रयस्थाकडे पाठवा, किंवा पैसे मध्ये धरून ठेवणारी सेवा वापरा. नवख्याने आधी पाठवायचं आणि ज्याच्या मागे जुन्या व्यवहारांची साक्ष आहे त्याने नंतर, हा रिवाजही बऱ्याच मंडळींत चालतो.

व्यवहार आणि पाठवणी

चोरीची गिटार हातात आली तर पैसे आणि गिटार दोन्ही जातात. म्हणून 'ही तुमच्याकडे कशी आली?' असं सहज विचारा आणि ऐकत राहा. खरा मालक थांबत नाही, कुठे घेतली, कुणासोबत वाजवली सगळं सांगतो. नंबर खरवडलेला असेल, फार घाई असेल किंवा किंमत संशय येण्याइतकी कमी असेल तर सोडा. भेट सार्वजनिक जागी, जिथे अ‍ॅम्प लावता येईल अशी ठरवा, सोबत कुणीतरी असू द्या.

एका कागदावर मॉडेल, सिरियल नंबर, सांगितलेले दोष, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या. दोन दिवसांत परत करता येईल का, तेही तिथेच लिहा. पैसे पाठवताना खरेदीदाराला संरक्षण देणारा मार्ग वापरा. 'मित्राला पाठवतोय असं दाखव, शुल्क वाचेल' म्हणणाऱ्याला ते शुल्क स्वतः द्यायची तयारी दाखवा. नकार आला तर काय ते समजलं.

परदेशी पाठवायची असेल तर लाकूड बघा. ब्राझिलियन रोजवुड १९९२ पासून साइट्स या संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक अमेरिकन गिटारींचे फ्रेटबोर्ड त्याचे आहेत. परवान्याशिवाय अशी गिटार सीमेवर अडकते. इतर रोजवुडवर २०१७ मध्ये निर्बंध आले होते, पण नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे.

बांधताना तारा एक-दोन सुरांनी सैल करा, पूर्ण काढू नका. ट्रेमोलोचा दांडा वेगळा, अ‍ॅक्टिव्ह पिकअप असतील तर बॅटरी बाहेर. केसमध्ये हेडस्टॉकच्या खाली आणि दोन्ही बाजूंना मऊ कागद असा भरा की केस हलवली तरी आत काही हलू नये. केस खोक्यात, खोक्याच्या टोकांना जादा गादी. बांधण्याच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा, विमा पूर्ण रकमेचा घ्या.

खोकं आलं की उघडण्याचा व्हिडिओ करा, पण लगेच नको. थंडीतून आलेली गिटार, विशेषतः नायट्रो फिनिशची, बंद केसमध्येच एक दिवस खोलीत राहू द्या. गार फिनिशला अचानक ऊब लागली की बारीक तडे जातात. मग उघडा, आधी नटच्या मागचा भाग पाहा, नंतर पाठवलेल्या फोटोंशी एकेक खूण ताडून बघा, आणि ठरलेल्या दोन दिवसांच्या आतच काय ते विक्रेत्याला कळवा. सगळं जुळलं तर त्याला तसा निरोप करा, म्हणजे मध्ये धरलेले पैसे मोकळे होतील. तारा मग बदला.